खोडावर लिहिलेली हवा

गोड्या मसाल्याची यादी करताना दगडफूल विसरणारं घर विरळाच. ते करडे-काळे, कडेला कुरळे पापुद्रे नुसते हुंगले तर फारसं काही कळत नाही. तेलात परतले की मात्र घरभर दरवळतात. पण हेच दगडफूल हवेची खबर देतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. गेली कित्येक वर्षं मला त्याचं वेड आहे. कोकण रेल्वेने रायगड जिल्ह्यातल्या वीरला उतरले की स्टेशनाबाहेरच्या पहिल्या झाडापासूनच माझं खोड न्याहाळणं सुरू होतं.

दगडफूल ही एकच एक वनस्पती नव्हे. बुरशी आणि शैवाल यांनी मिळून थाटलेला तो संसार आहे. बुरशी निवारा देते, पाणी धरून ठेवते. शैवाल उन्हात अन्न तयार करतं. सायमन श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने 1860च्या दशकात हे मांडलं, तेव्हा भल्याभल्या जाणकारांनी ते उडवून लावलं होतं. या जोडीला मुळं नाहीत, पानावर असतं तसं मेणाचं आवरणही नाही. पाऊस, दव, धूळ, वायू, हवेतून जे येईल ते थेट अंगात मुरतं. सल्फर डायऑक्साइड ओल्या अंगात विरघळला की शैवालाचं हरितद्रव्य नासतं आणि मग बुरशीही तगत नाही.

1866 साली विल्यम नायलँडर या फिनलंडच्या वनस्पतीशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत जितकी दगडफुलं आहेत तितकी त्या शहरात इतरत्र नाहीत. पुढे धूर वाढला आणि शतक संपण्याआधी बागेतलीही गेली. 1970 मध्ये हॉक्सवर्थ आणि रोझ यांनी इंग्लंड-वेल्ससाठी खोडावरच्या दगडफुलांवरून हवेतला गंधकाचा धूर अजमावण्याची दहा पायऱ्यांची मोजपट्टीच तयार केली. त्यानंतर लवकरच ब्रिटनमधली हजारो शाळकरी मुलं गावोगावची झाडं आणि भिंती तपासत फिरली आणि त्यांच्या नोंदींवरून प्रदूषणाचा नकाशा निघाला. ही हकिगत मला फार मोलाची वाटते. मुलांच्या हाती यंत्र नव्हतं, ओळखण्यापुरती चित्रं होती. आपल्याकडेही विद्या आहेच: पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पी. जी. पटवर्धन आणि उर्मिला मखिजा यांनी सह्याद्रीतल्या दगडफुलांचा आयुष्यभर अभ्यास केला, तिथे दगडफुलांचा मोठा संग्रह आहे. ती विद्या तालुक्याच्या शाळेपर्यंत यायला हवी.

सरकारी मोजमापाबद्दल थोडक्यात. 2015 पासून देशात हवा गुणवत्ता निर्देशांक आहे. आठ प्रदूषकांवरून 0 ते 500 असा आकडा निघतो. 50पर्यंत हवा चांगली, 400च्या पुढे गंभीर. पीएम 2.5 म्हणजे अतिसूक्ष्म कणांची आपली चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची 15. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेची ‘सफर’ यंत्रणा पुण्या-मुंबईचा अंदाज देते. हे सगळं आवश्यकच, पण वाडीवरच्या माणसाला आकडा दाखवला की तो मान डोलावतो आणि कामाला लागतो.

डोळ्यांना दिसलं की माणूस थांबतो. आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघरला, जानेवारी 2021 मध्ये वातावरण फाउंडेशनने फुफ्फुसांची भलीमोठी पांढरी प्रतिकृती रस्त्याकडेला उभी केली. बाहेर गाळणीचं कापड, आत हवा ओढणारे पंखे. पंधरवडा उलटायच्या आत ती काळवंडली. कुठल्याही व्याख्यानापेक्षा तो काळा रंग जास्त बोलला, असं माझं ठाम मत आहे.

वीरच्या हवेचे धागे अनेक. मुंबई-गोवा महामार्ग, त्याच्या रुंदीकरणाची वर्षानुवर्षं उडणारी धूळ, पलीकडे महाडची रासायनिक औद्योगिक वसाहत. रेल्वेचा धूर तेवढा घटला. रोहा ते वीर हा टप्पा 1993 मध्ये सुरू झाला आणि 2022 मध्ये कोकण रेल्वेचा सगळा मार्ग विजेवर आला. पण शेतात राब भाजायचा हंगाम आणि डोंगरातले वणवे आहेतच. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खोऱ्यात बसते, वर तुलनेने उबदार हवेचं झाकण पडतं आणि धूर सावित्री नदीच्या काठाने पसरून राहतो. सकाळी ज्याला आपण सरसकट धुकं म्हणतो, त्यात धूर किती हे विचारायची सवय लागायला हवी.

आता झाडांकडे. वीरसारख्या सखल भागात खोडाला रंग फासल्यागत चिकटलेली, करडी-पांढरी दगडफुलंच जास्त दिसतात. पानांसारखी सुटी, मसाल्यातल्यासारखी हवी असतील तर पोलादपूरहून आंबेनळी घाट चढायचा. वर महाबळेश्वरला, सुमारे 1,350 मीटरवर, फांद्यांवरून दाढ्यांसारखी लोंबणारीही भेटतात. म्हणून वीरच्या आंब्यावर दाढी नाही, सबब हवा वाईट, असा निष्कर्ष काढू नये. तो उंचीचा, गारव्याचा फरक. तुलना करायची ती एकाच उंचीवरच्या, एकाच जातीच्या, साधारण सारख्या घेराच्या झाडांची: एक आंबा महामार्गाकडेचा, एक स्टेशनाजवळचा, एक देवराईतला किंवा आतल्या वाडीतला.

पद्धत सोपी आहे. पाच चौकोनांची दोऱ्याची शिडी करायची, प्रत्येक चौकोन 10 सेंटिमीटरचा. छातीइतक्या उंचीवर खोडाच्या चारही बाजूंना ती लावायची आणि कोणतं दगडफूल किती चौकोनांत आहे ते लिहायचं. शास्त्रीय नावं नाही आली तरी चालेल. चिकटलेली, पानांसारखी, दाढीसारखी एवढे गट पुरतात. खरवडायचं मात्र नाही. ही वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात, नखभर तुकड्यामागे वर्षं असतात. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढावा आणि पुढच्या वर्षी त्याच खोडाचा पुन्हा. दगडफूल आज सकाळची हवा सांगत नाही, अतिसूक्ष्म कणांचा आकडाही देत नाही. मागच्या काही वर्षांत इथे काय मुरत गेलं, ते सांगतं. आजच्या धुळीसाठी पांढऱ्या कार्डाला व्हॅसलीन लावून ते खिडकीत टांगावं आणि आठवड्याने भिंगातून पाहावं.

पाऊस ओसरल्यावर, अजून ओल असताना, दगडफूल हिरवट फुगलेलं असतं आणि लहान मुलांनाही चटकन सापडतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडतात तेव्हा पहिली नोंद घ्यावी. दुसरी शिमग्यानंतर, राब आणि वणवे पेटलेले असताना, कार्डांवरच्या धुळीची. अधल्यामधल्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेत मुलांनी तिन्ही आंब्यांचे तक्ते शेजारी शेजारी लावावेत आणि महामार्गावर पाणी मारणं, उघड्यावर कचरा जाळणं, औद्योगिक वसाहतीकडून रात्री येणारा वास, हे विषय त्या तक्त्यांसमोरच निघावेत.