एक जूनची माणसं

३१ मेच्या दुपारी महाराष्ट्रातल्या कुठल्याही सरकारी कचेरीत डोकावून पाहा. टेबलावर शाली, श्रीफळं, हार मांडलेले असतात आणि खुर्च्यांवर एक सोडून दोन-चार सत्कारमूर्ती अवघडून बसलेले असतात. एवढी माणसं एकाच दिवशी कशी निवृत्त होतात, हा प्रश्न बाहेरच्याला पडतो. आम्हाला पडत नाही. आम्ही एक जूनची माणसं. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, हा नियम. आणि आमची जन्मतारीख ठरवली ती गुरुजींनी.

मीही त्यातलाच. आई सांगायची, तू दिवाळीत झालास, अंघोळीचं पाणी चुलीवर होतं. पण शाळा उघडायची जूनमध्ये. उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागला की पोर शाळेजोगं झालं असं मानायचं आणि रजिस्टरात १ जून लिहून मोकळं व्हायचं, ही तेव्हाची रीत. त्यात कुणाला फसवायचा हेतू नव्हता. उलट पोर लवकर शाळेत बसलं म्हणून घरचे खूशच. त्या नोंदीचा चटका बसतो तो पुढे पन्नास वर्षांनी.

माझी पस्तीस वर्षांची नोकरी आस्थापना शाखेत गेली. म्हणजे लोकांची सेवापुस्तकं सांभाळण्यात. रजा, वेतनवाढ, पदोन्नती यांच्या नोंदी आत होत राहतात. पण पहिल्या पानावर अंकी आणि अक्षरी लिहिलेली जन्मतारीख सगळ्यांना पुरून उरते. महाराष्ट्र नागरी सेवेच्या १९८१ च्या सर्वसाधारण शर्तींच्या नियमांत ३८ वा नियम याच पानाचा आहे. एकदा लिहिलेली तारीख बदलायची नाही. बदलायचीच तर ती चूक त्या कर्मचाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणाच्या निष्काळजीपणामुळे झाली असली पाहिजे किंवा उघडउघड लेखनातली चूक असली पाहिजे. आणि अर्ज करायचा तो नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत.

२०१४ साली आमच्या कचेरीतले एक नाईक माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. त्यांना सगळे तात्या म्हणत. निवृत्तीला आठ महिने उरले होते. हातात तहसिलातून आणलेला उतारा होता. गाव नमुना चौदा, म्हणजे गावाकडे ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्याचा.

"भाऊसाहेब, मी पंचावन्नचा नाही. सत्तावन्नचा आहे. दोन वर्षं माझी हाकनाक चाललीत."

आमच्या शाखेत अशा अर्जावर पहिला हिशेब ठरलेला. नव्या तारखेने धरलं तर माणूस नोकरीला लागताना अठरा वर्षांचा होता का? नसेल तर अर्ज तिथेच संपतो. कमी वयात मिळवलेली नोकरी आणि वर वाढीव वर्षं, असा दुहेरी लाभ कुणी देत नाही. तात्या १९८३ साली लागलेले. दोन्ही तारखांनी ते पंचविशीच्या पुढचे. तो हिशेब त्यांच्या बाजूने होता.

मग उतारा नीट वाचला. १९५७ सालच्या त्या ओळीत वडिलांचं नाव होतं, जात होती, 'मुलगा' असा शब्द होता. मुलाचं नाव नव्हतं. त्या काळी बारसं व्हायच्या आत नोंद व्हायची आणि पुढे नाव घालायला कुणी जात नसे. मी विचारलं, "तात्या, तुम्ही भावंडं किती?"

ते जरा थांबले. म्हणाले, "एक भाऊ लहानपणीच गेला."

"तो थोरला की धाकटा?"

"थोरला, असं आई म्हणायची."

म्हणजे १९५७ चा मुलगा तात्या की तो गेलेला भाऊ, हे सांगू शकणारी एकच व्यक्ती होती आणि ती चार वर्षांपूर्वी वारली होती.

न्यायालयांनी या प्रकरणांत एवढा कडकपणा का धरला, हे मला त्या दिवशी पुरतं कळलं. सर्वोच्च न्यायालयाचा १९९३ चा हरनाम सिंग खटल्यातला निकाल आम्हा आस्थापनावाल्यांना पाठ आहे. १९५६ साली लागलेल्या कर्मचाऱ्याने १९९१ मध्ये तारीख बदलून मागितली आणि न्यायालयाने ती नाकारली. २०२१ च्या कर्नाटकातल्या एका प्रकरणात तर न्यायालयाने सांगितलं की पुरावा भक्कम असला तरी दुरुस्ती हा हक्क नव्हे. उशीर हेही नकाराचं कारण ठरतं. आणखी एका निकालातला मुद्दा मला सर्वांत पटतो: एकाची तारीख बदलली की त्याच्या मागे पदोन्नतीसाठी वर्षानुवर्षं थांबलेल्यांची साखळीच हलते.

ती साखळी मला समोर दिसत होती. तात्यांच्या जागेवर नाईक होण्यासाठी एक शिपाई थांबला होता आणि तो पुढच्याच वर्षी निवृत्त होणार होता. तात्यांना दोन वर्षं मिळाली असती तर तो शिपाई म्हणूनच घरी गेला असता.

हे दुखणं फक्त शिपायांचं, असं समजू नका. लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंग यांच्या शाळेच्या दाखल्यावर १० मे १९५१, तर शाळकरी वयात भरलेल्या प्रबोधिनीच्या अर्जावर १० मे १९५०. लष्कराच्या दोन शाखांत दोन तारखा चालत राहिल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांनी याचिका मागे घेतली आणि ते निवृत्त झाले. तारीख? ३१ मे!

तात्यांच्या अर्जावर मी टिपणी लिहिली: मुदतबाह्य, सबब अमान्य करावा. नियमाने ती बरोबर होती, आजही मला बरोबर वाटते. पण टिपणीसाठी सेवापुस्तक उघडलं तेव्हा पहिल्या पानावरचं अक्षर ओळखीचं निघालं. १९८३ साली नवा कारकून म्हणून ते पान मीच लिहिलं होतं. दाखला पाहून तारीख उतरवली आणि "इथं सही करा" म्हणालो. तात्या चौथी पास. त्यांनी सही केली. 'ही तारीख खरी ना? घरी विचारलंत?' एवढे दोन प्रश्न मी विचारले नाहीत. पाच वर्षांची मुदत असते, हेही सांगितलं नाही. तेव्हा त्यांची आई हयात होती.

हे मी टिपणीत लिहिलं नाही. तात्यांना मात्र सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ द्या भाऊसाहेब, मला तरी कुठं ठाऊक होतं?" मॅटमध्ये जायचा विचार त्यांनी सोडला. ३१ मे २०१५ ला शाल घेतली. तो शिपाई नाईक झाला आणि वर्षभरात त्यानेही शाल घेतली.

नंतरची दोन वर्षं मी एक पथ्य पाळलं. नवा माणूस रुजू झाला की पहिलं पान मोठ्याने वाचून दाखवायचं, त्याला घरी विचारून यायला सांगायचं, मग सही घ्यायची. नियमात यासाठी काही बदलावं लागत नाही. पाच मिनिटं लागतात.

१ ऑक्टोबर २०२३ पासून नवा कायदा लागू झाला. त्या दिवसापासून जन्मलेल्यांसाठी सरकारी नोकरीतही जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा. चांगली गोष्ट आहे. पण ती मुलं कचेरीत यायला २०४१ उजाडेल. तोवर शाळेच्या दाखल्यावरून तारखा उतरत राहणार. म्हणून आस्थापनेवर बसलेल्या माझ्या जागच्या मुला-मुलींना एवढंच सांगणं आहे: सही घेण्याआधी विचारा. समोरच्याची आई अजून असेल, तोवर विचारा.