पांदणीतून हमरस्त्यावर

दिवाळीला बहिणीकडे निघालेल्या माणसाला घड्याळ दिसत नाही. गेल्या वर्षी भाऊबीजेच्या दिवशी आमचेही तसेच झाले. अकोल्याहून अमरावतीला जावयाचे. मागच्या बाकावर मुले, सौभाग्यवतींच्या मांडीवर चकल्यांचा डबा, आणि बहिणीचा तिसऱ्यांदा फोन, ‘निघालात का?’ मूर्तिजापूर मागे पडले तेव्हा दिवस बुडाला होता. गाडी धाकटा भाऊ चालवीत होता. रस्ता असा, की हातातल्या पेल्यातले पाणी हलू नये. त्यामुळे वेगाचे भान कोणालाच नव्हते.

एकाएकी त्याने करकचून ब्रेक दाबला. चकल्यांचा डबा खाली गेला, मुले पुढल्या बाकावर आदळली. समोर काळोखात काळोखाचाच एक ढीग सरकत होता. तो ढीग म्हणजे कापसाने भरलेली ट्रॉली. मागे दिवा नाही, तांबडे भिंग नाही. कापसावर ताडपत्री आणि ताडपत्रीवर वेचणीहून घरी निघालेल्या चार बाया व एक पोर. आमच्या दिव्यांच्या झोतात पोराने डोळे मिचकावले आणि हसून हात हलवला. आपण कशातून वाचलो, हे त्याला ठाऊक नव्हते. आम्हाला मात्र ते पुरेपूर कळले होते.

रात्री ओवाळणी झाल्यावर हा प्रकार बहिणीच्या सासऱ्यांना सांगितला. आबाजींनी अर्धे आयुष्य बंडी हाकण्यात घालवलेले. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “बापू, बैलाले डोये असतात. धुरकरी झोपला तरी बैल रस्ता सोडत नाई. ह्या टॅक्टरले डोये कोठचे? आन् आमी त बंडीच्या आसाखाली कंदील बांधल्याबिगर रातच्या वक्ती सडकेवर येतच नोहोतो.”

मग आबाजींनी बंडीच्या काळचे कायदेच सांगितले. पांदणीत दोन बंड्या समोरासमोर आल्या, तर भरल्या बंडीला रिकाम्या बंडीने वाट द्यावयाची. सडकेवर चढण्याआधी बैल थांबवून दोन्हीकडे कान द्यावयाचा. उतारावर धुरकऱ्याने खाली उतरून बैलांच्या पुढे चालावयाचे. हे नियम कोणत्याही बुकात छापलेले नव्हते. पण मोडणाऱ्याला पारावर चार माणसांत बोल ऐकावा लागे. बंडी गेली तसे तेही गेले. यंत्र आले, पण यंत्राबरोबर यावयाची रीत मागे राहिली. हा लेख त्या राहिलेल्या रीतीविषयी आहे.

शहरातल्या वाचकांसाठी पांदण म्हणजे काय, ते आधी सांगावयास हवे. गावातून वावरांकडे जाणारी, दोन्ही बाजूंना धुरे आणि बोरी-बाभळी असलेली वाट म्हणजे पांदण. पश्चिम महाराष्ट्रात तिला पाणंद म्हणतात. वऱ्हाडची जमीन काळी, कापसाची. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच फुगून लोण्यासारखी होते. अशा दिवसांत पांदणीतून बैल चालत नाही, मोटार तर दूरच. वावरातल्या वस्तीवर कोणी आजारी पडले, की त्याला खाटेवर घालून सडकेपर्यंत आणावे लागते. ट्रॅक्टर वऱ्हाडात इतका लाडका का झाला, याचे निम्मे उत्तर या चिखलात आहे. जेथे काहीच जात नाही तेथे तो जातो.

चिखलाऐवजी बर्फाने अडलेल्या मुलुखाची अशीच एक गोष्ट आहे. कॅनडातील क्वेबेक प्रांतात व्हाल्कूर नावाच्या गावी जोझेफ-आर्मां बोंबार्दिये हा यंत्रकार राहत असे. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा लहानगा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फाखाली गेलेले. इस्पितळापर्यंत नेण्याचे साधन नाही. मूल दगावले. बर्फावर चालणारे वाहन करावयाचा नाद बोंबार्दियेला आधीपासूनच होता. तो त्याने सोडला नाही, आणि १९५९ साली एका-दोघांनी बसावयाची छोटी बर्फगाडी बाजारात आणली. योगायोग असा, की त्याच १९५९ साली फरीदाबाद येथे आयशर कंपनीने भारतात बांधलेला पहिला ट्रॅक्टर बाहेर काढला. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात दिल्लीला जागतिक कृषी प्रदर्शन भरले. त्यामागची प्रेरणा होती आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचे सुपुत्र, त्या वेळचे केंद्रीय कृषिमंत्री डॉ. पंजाबराव देशमुख यांची.

म्हणजे अडलेल्या वाटेवर चालणारी ही दोन यंत्रे लोकांच्या दारी आली ती एकाच सुमारास. पुढची अडचणही दोघांची सारखीच. रानासाठी केलेले वाहन हमरस्त्यावर आले, की काय करावयाचे? बर्फगाडीच्या मुलुखात पुष्कळ ठिकाणी गावोगावच्या नगरसभांनी बसून हे ठरवले. गाडी कोणत्या गल्लीतून न्यावयाची, रात्री किती वाजेपर्यंत, किती वेगाने. सडक ओलांडावयाची तर आधी पूर्ण थांबावयाचे आणि मग काटकोनातच ओलांडावयाची. दिवे पुढचे आणि मागचे, दोन्ही लागलेले हवेत. सरकारचा कायदा आहेच. पण आपल्या गावचे वळण कोठे आंधळे आहे, हे गावालाच ठाऊक असते, एवढी साधी गोष्ट त्यांनी ओळखली.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे ट्रॉली हेदेखील वाहनच आहे. तिला स्वतःची नोंदणी लागते, स्वतःचा क्रमांक लागतो. चालकाचे वय १८ पुरे हवे आणि त्याच्यापाशी परवाना हवा. वाहनाच्या मागे तांबडी परावर्तक भिंगे हवीत. आणि १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत तर स्पष्टच म्हटले होते, की ट्रॅक्टर चालवणाऱ्याने ट्रॅक्टरवर दुसऱ्या कोणाला बसवू नये. २०१७ साली त्या नियमांची जागा नव्या नियमावलीने घेतली. तरी ट्रॅक्टर हे माणसे वाहण्याचे साधन नव्हे, ही गोष्ट काही पालटली नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आणखी एक कलम आले. अज्ञान मुलाच्या हाती वाहन दिले आणि त्याच्याकडून गुन्हा घडला, तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. ‘आमचा बंड्या आठवीत आहे, पण ट्रॅक्टर काय झकास चालवतो!’ असे कौतुकाने सांगणाऱ्या काकांना हे कलम कोणीतरी वाचून दाखवावे.

कायदा इतका कडक का, हे यंत्राकडे नीट पाहिले म्हणजे कळते. ट्रॅक्टरची मागची चाके मोठी आणि बसण्याची जागा उंच. त्यामुळे त्याचा भारही उंचावर असतो. एक चाक धुऱ्यावर चढले किंवा चरात गेले, की तो बघता बघता कलंडतो. त्याला ब्रेकच्या पायपट्ट्या दोन असतात, डाव्या चाकाची वेगळी आणि उजव्या चाकाची वेगळी. वावरात जागच्या जागी वळावयास ही सोय उत्तम. पण सडकेवर वेगात असताना एकच पट्टी दाबली गेली, तर ट्रॅक्टर गर्रकन एका बाजूला फिरतो. म्हणून सडकेवर येण्याआधी दोन्ही पट्ट्या खिट्टीने जोडून घ्यावयाच्या असतात. पुष्कळ ट्रॅक्टरांवर ती खिट्टी वर्षानुवर्षे लोंबकळत असते. ट्रॉलीला तर बहुधा स्वतःचा ब्रेकच नसतो. उतारावर भरली ट्रॉली मागून ट्रॅक्टरला ढकलते. अशा वेळी डिझेल वाचवावे म्हणून गिअर काढणे म्हणजे मरणाला हाक मारणे होय.

आता आपल्या नव्या हमरस्त्याकडे पाहा. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर एकपदरी मोजणीने ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड टाकून जागतिक विक्रम झाला. वऱ्हाडाला त्याचा अभिमान वाटला, तो योग्यच. पण चांगला रस्ता वेग वाढवतो, आणि वेगाला चांगली नजर लागते. मोटार ताशी १०० किलोमीटरने जात आहे आणि ट्रॅक्टर ताशी २० ने, असे धरा. मग दोघांतले अंतर दर सेकंदाला २२ मीटरने कमी होते. मोटारीच्या खाली केलेल्या दिव्यांत ५०-६० मीटरवरचे दिसले, तर चालकाच्या हाती तीन सेकंदही उरत नाहीत. तेवढ्यात त्याने पाहावयाचे, ओळखावयाचे आणि थांबावयाचे. आम्ही वाचलो ते भावाच्या कौशल्याने नव्हे. शेजारची पट्टी त्या क्षणी मोकळी होती, म्हणून.

सगळ्यांचेच दैव असे बलवत्तर नसते. ४ एप्रिल २०२५ रोजी हिंगोली जिल्ह्यातल्या गुंज गावच्या शेतमजूर बाया नांदेड जिल्ह्यात आलेगावच्या शिवारात कामाला निघाल्या होत्या. ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत गेला आणि सात जणी बुडाल्या. त्याआधी १ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तर प्रदेशात कानपूरजवळ घाटमपूर भागात जावळ करून परतणाऱ्या मंडळींची ट्रॉली तळ्यात उलटली. सव्वीस माणसे गेली, त्यांत बहुतेक बाया आणि मुले. पहिल्या ट्रॉलीत पोट बसले होते, दुसरीत हौस. कडेला कठडा आणि धरावयास दांडी दोन्हीतही नव्हती, कारण ट्रॉली मालासाठी केलेली असते. गाठोडे घरंगळले तर उचलून ठेवता येते.

मागे राहिलेल्यांची फरफट वेगळीच. ट्रॉलीत बसलेल्या माणसाला काही झाले, तर ‘आमचा विमा शेतीच्या वापराचा, त्यात माणसे नाहीत’ असे विमा कंपनी सांगू शकते. २००७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे अशाच एका मजुराचे प्रकरण आले होते. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामापुरता होता, ट्रॉलीचा नव्हताच, आणि नेली जात होती वीटभट्टीची माती. कंपनीवर जबाबदारी येत नाही, असे न्यायालयाने ठरवले; मात्र आपल्या खास अधिकारात, आधी कंपनीने भरपाई द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी, असा आदेश दिला. म्हणजे शेवटी भार आला तो मालकावरच. चार एकरांच्या धन्याला असा भार पेलतो काय?

‘मग मजुरांनी वावरात जावे कसे?’ हा प्रश्न रास्त आहे. दहा जणींसाठी जीप लावणे कापसाच्या भावात बसत नाही, असे मालक म्हणतो. पहाटे चार मैल चालत जाऊन दिवसभर वेचणी होत नाही, असे बाई म्हणते. दोघेही खरे बोलतात. पण एका ट्रॅक्टराला न परवडणारी जीप पाच वावरांच्या मालकांनी मिळून केली, तर परवडू शकते. वेचणीच्या दिवसांत अमुक वाजता, अमुक पांदणीच्या तोंडापर्यंत, असे सगळ्या गावाने ठरवले, तर गाडीच्या फेऱ्याही वाया जात नाहीत.

हे ठरवावयाची जागा म्हणजे ग्रामसभा. गावातले रस्ते आणि त्यांवरचे दिवे ही पंचायतीचीच कामे आहेत. बर्फाच्या मुलुखातल्या गावांनी जे केले, ते पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्या पारावर का होऊ नये? बैल सजवण्याचा तो सण. त्याच दिवशी गावातल्या प्रत्येक ट्रॉलीमागे तांबडी भिंगे लावून घ्यावी. पांदण जेथे सडकेला मिळते तेथे झुडपे तोडून दोन्ही बाजू मोकळ्या ठेवाव्या आणि ‘येथे पूर्ण थांबा’ अशी पाटी लावावी. दिवस बुडाल्यावर दिव्यावाचून कोणाचीही ट्रॉली सडकेवर चढणार नाही, ब्रेकची खिट्टी लावल्याशिवाय कोणी गावाबाहेर पडणार नाही, आणि पोराच्या हाती चाक देणाऱ्याला चार माणसांत बोल ऐकावा लागेल, एवढे ठरले तरी पुरे. उघड्या विहिरीजवळून जाणाऱ्या वाटेला काट्यांचे का होईना कुंपण घालावे. पांदणच कोणी अडवली असेल, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. आणि वावराला वाटच नसेल, तर जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमाने धुऱ्यावरून वाट मागता येते. वाट धड असली, म्हणजे लांबच्या सडकेचा फेराही टळतो.

आणि आपण, मोटारीत बसणारे? आपल्यावरही काही लागू आहे. आश्विन-कार्तिकापासून वऱ्हाडातली संध्याकाळ कापसाची असते, हे आपल्याला ठाऊक हवे. दिवस बुडताच वेग उतरवावा. समोर ट्रॅक्टर दिसला, की भोंग्याने त्याला हुसकावू नये. तो वळणार आहे की नाही ते पाहून, ट्रॉलीची लांबी धरून, मगच पुढे जावे. गावी शेती वाट्याने दिलेली असेल, तर या दिवाळीत हिशेबाच्या वहीबरोबर ट्रॉलीची मागची बाजूही पाहून यावी. ज्याच्या नावावर सातबारा आहे, त्याच्या जिवाला लागलेला तो धोका आहे.

त्या रात्री आबाजींनी माळ्यावरून जुना कंदील काढून दाखवला. काच तडकलेली, तळाशी गंज. “आता ह्याचं काय काम?” असे म्हणत त्यांनी तो पुन्हा वर ठेवला. दुसऱ्या दिवशी निघताना भावाने अमरावतीच्या बाजारात गाडी थांबवली आणि तांबड्या भिंगांच्या चार जोड्या घेतल्या. एक आबाजींच्या ट्रॉलीसाठी घरी पाठवली. बाकीच्या तीन गाडीत ठेवल्या. मूर्तिजापूरच्या अलीकडे, ज्या पांदणीच्या तोंडाशी ती ट्रॉली वळून गेली होती, तेथे थांबून आम्ही चौकशी केली. पोर भेटले नाही. वावरात गेले होते. ट्रॉली मात्र दाराशी उभी होती. मालकाने भिंगे हातात घेऊन उलटसुलट पाहिली, मग पोराच्या आईला हाक मारली, आणि तिच्याच हातून ती लावून घेतली.