चांदीआधीचा काळा

सकाळी ७.
उद्यमनगरातले लेथ अजून सुरू झालेले नसतात. धूळ सर्वांत कमी असते ती याच वेळेला, म्हणून बूथ आत्ताच धुऊन घ्यायचा. डिसेंबरातली कोल्हापुरी थंडी रंगाला मानवत नाही, तेव्हा आधी हीटर लावायचा आणि काटा बावीस-तेवीस अंशांवर येईपर्यंत बाकीची कामं उरकायची. कंप्रेसरच्या टाकीत रात्रभर साठलेलं पाणी सोडायचं, हवेचा फिल्टर उघडून बघायचा, फरशीवर पाणी मारायचं. नळीतून तेलाचा एक कण गनमध्ये आला तरी रंग तिथून बाजूला सरकतो आणि गोल खड्डा पडतो. साध्या रंगात असा खड्डा झाकून नेता येतो. आपल्याला आज आरसा करायचा आहे.

गाडी आहे प्रीमियर पद्मिनी, मुंबईच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली. मालकाने ती खाली बसवून घेतली, रुंद चाकं घातली आणि पुढची जाळी फायबरमध्ये नव्याने बनवून घेतली. बंपर लोखंडी, म्हणून ते प्लेटिंगला गेलेत. तिथे आधी तांबं चढतं, मग निकेल आणि सगळ्यात वर क्रोम. क्रोमचा थर मायक्रॉनच्या पाव-अर्ध्या भागाचा असतो. ज्याला लोक क्रोमची चमक म्हणतात ती मुख्यतः खालच्या निकेलची. क्रोम तिला निळसर झाक देतं आणि डाग पडू देत नाही. फायबरच्या जाळीला हा रस्ता परवडत नाही. जाळी, बाहेरच्या आरशांची दोन कव्हरं आणि चाकांच्या चार टोप्या आमच्याकडे आहेत. त्यांच्यावर चांदी फवारायची.

सकाळी ८.
दिवसातला सर्वांत महत्त्वाचा तास हा आहे आणि त्यात गन हातात नसते. काळा बेस आधीच मारून, भट्टीत वाळवून ठेवला आहे. आता बूथमधली एकच ट्यूबलाइट चालू ठेवायची, पार्ट हातात धरायचा आणि काळ्यात पडलेलं ट्यूबचं प्रतिबिंब हळूहळू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकवत न्यायचं. ट्यूबची कड सरळ धावली पाहिजे. जिथे ती थरथरते तिथे खाली लांबी नीट घासलेली नाही. जिथे कड दातेरी दिसते तिथे रंग संत्र्याच्या सालीसारखा बसलाय. जिथे प्रतिबिंब किंचित धुरकट होतं तिथे थिनर अजून पुरता उडालेला नाही. तिथे चांदी आज चांगली दिसेल आणि महिन्याभरात मेलेली दिसेल.

एवढा जीव काळ्यात घालायचं कारण साधं आहे. वर येणारा चांदीचा थर मायक्रॉनच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो. तो काहीही भरून काढत नाही, काहीही लपवत नाही. त्याच्याखाली जे आहे ते तो दुप्पट करून दाखवतो. बाटलीतून येणाऱ्या क्रोम पेंटचंही तेच. त्यात ॲल्युमिनियमच्या अतिपातळ पापुद्र्यांची भुकटी असते; कमी दाबावर, जवळजवळ कोरडा असा विरळ थर द्यायचा आणि खालचा काळा बोलू द्यायचा. जाड मारला की साधा सिल्व्हर रंग झाला. गिऱ्हाईक पैसे चांदीचे देतं, पण तयार होतो तो काळा, आणि त्याच्याही खालची घासाई. तीनशेवीसच्या पेपरने सुरू करून आठशेपर्यंत, प्रायमरवर काळी पूड चोळून, ठोकळा लावून घासायचं. नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या खाचा उतरतात.

एका कव्हरवर धुळीचा कण सापडला. मोहरीपेक्षाही बारीक, पण नखाला लागतो.

“दादा, दोन हजारचा वॉटर पेपर मारून बफ करू की. पाच मिनिटांचं काम.”

हाताखालचा पोरगा हुशार आहे, म्हणून त्याला नुसतं नाही म्हणून चालत नाही. बफ केल्यावर काळा डोळ्याला छान दिसतो, पण कंपाउंडमधलं मेण किंवा सिलिकॉन बारीक ओरखड्यांत बसतं आणि चांदी तिथे धरत नाही. ओरखडेही चांदीखाली उन्हात जाळ्यासारखे उमटतात. गनमधून उतरलेला काळाच आरसा असला पाहिजे. ते कव्हर बाजूला ठेवलं. त्याचा आज नंबर नाही.

सकाळी १०.
पाणी. नळाच्या पाण्यातल्या क्षारांत क्लोराइड असतं, ते चांदीच्या द्रावणाला भेटलं की पांढरट गढूळ साका होतो. म्हणून रेझिनच्या नळकांड्यांतून काढलेलं, क्षार पूर्ण उतरवलेलं पाणीच वापरायचं. मीटर शून्य किंवा एक दाखवेल तरच कामाला सुरुवात. दोन दाखवलं की नळकांडं बदलायचं, वाद नाही.

मग द्रावणं. एका टाकीत सिल्व्हर नायट्रेट आणि अमोनिया, दुसऱ्या टाकीत ग्लुकोजच्या जातीचं द्रव्य, जे चांदीला पाण्यातून सोडवतं. काचेच्या आरशाची हीच विद्या. जर्मन रसायनतज्ज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी १८३५ साली ही क्रिया नोंदवली. मी रोज लागेल तेवढंच कालवतो. अमोनियातली चांदी उघडी पडून राहिली, वाळली की तिचा काळा स्फोटक थर तयार होऊ शकतो. उरलेलं द्रावण बाटलीत झाकून उद्यासाठी ठेवणं म्हणजे कारखान्यात सुतळी बॉम्ब ठेवणं. हे काम शिकवताना मी चमक नंतर शिकवतो, हे आधी.

सकाळी ११.
काळ्यावरून गॅसची निळी ज्योत झरझर फिरवायची, रंग तापू न देता. याने पृष्ठभाग पाणी धरायला लागतो. लगेच पाणी सोडून बघायचं. पाण्याची अखंड चादर उतरली तर ठीक.

“दादा, इथं फाटतंय.”

जाळीच्या आतल्या कोपऱ्यात पाणी थेंबाथेंबाने गोळा होत होतं. कुणाचा तरी हात लागला असणार. धुतलं, पुन्हा ज्योत फिरवली, पुन्हा पाणी. आता चादर सलग.

मग कथिलाच्या क्षाराचं पाणी मारायचं. अर्ध्या मिनिटाने ते भरपूर धुऊन टाकायचं, आणि पार्ट ओला असतानाच दोन तोंडांची गन. दोन्ही धारा हवेत एकत्र होऊन काळ्यावर पडतात. पहिल्या क्षणी काही होत नाही. मग पिवळसर तपकिरी छटा येते, ती गडद होते आणि त्याच गडदपणातून छताचे पत्रे, दिवा, माझा मास्क असं एकेक दिसायला लागतं. ही काही सेकंदं मी आजही श्वास रोखून बघतो. हात थांबता कामा नये. जास्त मारलं की चांदी करडी पडते, कमी मारलं की काळं डोकावतं. लगेच धुवायचं आणि गाळलेल्या हवेने पाणी एका बाजूने हाकलत न्यायचं. मधे एखादा थेंब वाळला की त्याची कडी कायमची.

दुपारी १.
पार्ट भट्टीत मंद आचेवर. डबा उघडला तेवढ्यात मालकांचा फोन. बंपर बघून आले होते, भारावलेले. “अख्खी बॉडीच चांदीची केली तर?”

मी स्पष्ट सांगितलं, साहेब, रस्त्यावरच्या गाडीला ते करू नका. दुपारच्या उन्हात समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर सरळ तिरीप जाणार. शिवाय गाडीचा रंग आरसी पुस्तकात नोंदलेला असतो, बदलायचा तर आरटीओकडे जावं लागतं. आणि पत्र्याच्या एवढ्या मोठ्या पसाऱ्यात प्रत्येक जुना ठोका दिसणार. पद्मिनीच्या अंगावर चमक कडांनाच शोभते. ते जरा हिरमुसले. ऐकतील असं वाटतं.

दुपारी अडीच.
क्लिअर. चांगलं काम करणारी माणसंही इथे घसरतात. चांदी हवेत काळवंडते, म्हणून हार्डनर घातलेल्या टू-के क्लिअरचा झाकणथर हवाच, पण त्याखाली चांदी किंचित पिवळी दिसते. शिवाय चांदी जवळजवळ पंच्याण्णव टक्के उजेड परत पाठवते, क्रोम त्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास. शेजारी प्लेटिंगचा बंपर लागला की आपली जाळी जास्तच पांढरी आणि उबदार दिसणार. म्हणून क्लिअरमध्ये निळ्या-जांभळ्या टोनरचे थेंब घालतो, आणि प्लेटिंगचा एक तुकडा शेजारी धरून आधी नमुना मारून बघतो. पहिला थर हलका. पहिलाच ओला मारला तर सॉल्व्हंट चांदीला उचलतो आणि बारीक सुरकुत्या पडतात.

हार्डनरमधल्या आयसोसायनेटने कायमचा दमा जडू शकतो. कापडी रुमाल बांधून टू-के मारणारे कारागीर आपल्याकडे अजून आहेत. माझ्या बूथमध्ये बाहेरून ताजी हवा देणाऱ्या मास्कशिवाय कुणी गन उचलत नाही, मीसुद्धा नाही.

संध्याकाळी ५.
धुणावळीचं पाणी गटारात जात नाही. पिंपात घ्यायचं, आम्ल घालून अमोनिया मारायचा, मग मीठ. चांदी पांढऱ्या साक्याच्या रूपात तळाला बसते. गाळ साठला की हुपरीला चांदी गाळणाऱ्याकडे जातो. पैंजणांच्या गावात आमची चांदी वाया जात नाही.

सहाला सकाळचं कव्हर घेतलं. कण घासून काढला, पुसलं, पुन्हा पूर्ण काळा मारला. उद्या सकाळी ट्यूबखाली बघू.

ज्यांना आपल्या गाडीवर असं काम करून घ्यायचंय त्यांना एक सांगणं. कारागिराच्या मोबाइलमधले चमचमते फोटो बघून ठरवू नका. चांदी मारायच्या आदल्या दिवशी जा आणि काळा दाखवायला सांगा. ट्यूबची कड त्यात सरळ दिसली तरच पुढचे पैसे द्या. आणि गाडी घरी आल्यावर साध्या पाण्याने, मऊ फडक्याने पुसा. पॉलिश लावू नका.