घडणावळीचा हिशेब: मागणीबरहुकूम गिटारचे पुनर्विक्री मूल्य

सोनेतारण कर्जासाठी ग्राहक दागिने घेऊन बँकेत येतो, तेव्हा मूल्यांकनकार खडे व लाख वगळून निव्वळ सोन्याचे वजन धरतो. सराफाकडे मोजलेली घडणावळ या हिशेबात येत नाही, मग नक्षी कितीही अप्रतिम असो. ग्राहकाला हे क्षणभर खटकते. परंतु निदान सोने तरी शिल्लक उरलेले असते. ज्या वस्तूत सोने मुळीच नाही, जिची जवळजवळ सारी किंमत घडणावळीतच सामावलेली आहे, तिची पुनर्विक्री कशी होत असेल? याचे बोलके उदाहरण अमेरिकेतील वाद्यांच्या बाजारात सापडते. ते म्हणजे ग्राहकाच्या मागणीबरहुकूम घडविलेली इलेक्ट्रिक गिटार.

लोवेल कीझेल यांनी १९४६ साली कॅलिफोर्नियात सुरू केलेला व्यवसाय पुढे 'कार्विन' या नावाने प्रसिद्धीस आला. कार्सन आणि गॅव्हिन या दोन मुलांच्या नावांतील अक्षरे जोडून हे नाव तयार झाले होते. २०१५ मध्ये गिटारचा विभाग स्वतंत्र होऊन 'कीझेल गिटार्स' झाला. या घराण्याच्या व्यवसायाचे वैशिष्ट्य असे की, दुकानदारांच्या साखळीवर अवलंबून न राहता गिटार थेट ग्राहकाला विकली जाई. लाकूड कोणते, मानेची जाडी किती, रंग कोणता, तारांची कंपने टिपणारे पिकअप कोणते, हे सारे ग्राहकाने ठरवायचे. मध्यस्थाचे कमिशन वाचल्याने उत्तम प्रतीचे वाद्य माफक किमतीत पडे. असे असूनही वादकांच्या वर्तुळात या गिटारांविषयी एक मत दीर्घकाळ रूढ आहे: घ्यायला चांगली, विकायला अवघड.

हे वाद्याच्या दर्जामुळे घडत नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. कारण शोधायचे ते दुसऱ्या खरेदीदाराच्या हिशेबात. समजा, मूळ गिटार १,५०० डॉलरची आहे आणि पहिल्या ग्राहकाने तीत ७०० डॉलरचे खास पर्याय बसवून घेतले. त्याच्या वहीत किंमत २,२०० डॉलर. आता दुसरा खरेदीदार विचार करतो की, एवढ्याच रकमेत आपल्यालाही आपल्या आवडीची कोरी गिटार मिळते. मग दुसऱ्याच्या आवडीची, वापरलेली का घ्यावी? त्या ७०० डॉलरच्या पर्यायांपैकी त्याला मनापासून हवे असलेले कदाचित २०० डॉलरचेच असतील. म्हणजे त्याची बोली १,७०० वरून सुरू होते. वापरलेपणाची व हमी नसल्याची सूट वजा जाता ती ११०० ते १२०० वर येऊन थांबली, तर त्यात अन्याय काही नाही. आकडे कल्पित आहेत, पण गणिताची रीत हीच.

येथे आणखी एक मानसिक अडसर असतो. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर निबंध लिहून दाखविले की, वस्तूतील दोष विक्रेत्याला ठाऊक आणि खरेदीदाराला अज्ञात असेल, तर खरेदीदार संशयापोटी चांगल्या वस्तूलाही कमीच किंमत देऊ पाहतो. २००१ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. मागणीबरहुकूम गिटारच्या बाबतीत हा संशय अधिक गडद होतो. ज्याने स्वतःच्या मापाने, स्वतःच्या पसंतीने ती घडवून घेतली, तोच आता ती का विकतो आहे? त्यातून वाद्य दुकानात उपलब्ध नसल्याने खरेदीदाराने तिच्यासारखी दुसरी हाती घेऊन पाहिलेली नसते. फेंडर किंवा गिब्सनची नेहमीची गिटार गावातल्या दुकानात वाजवून पाहता येते. तिचा भावही सर्वांना माहीत असतो.

पर्यायापर्यायांतही फरक आहे. पिकअप बदलता येतात, शिवाय मूळचे जपून ठेवले असतील तर ते पुन्हा बसवता येतात. बोल्टने जोडलेली मान काढून दुसरी लावता येते. चिकटवलेली मान मात्र काढणे सोपे नसते. रंग बदलावा, तर मूळ रंग गेला म्हणून किंमत उतरते. जुन्या दुर्मीळ गिटारांच्या व्यापारात रंग पुन्हा दिला की मूल्य सुमारे निम्मे होते, असा ठोकताळाच आहे. आणि बाराव्या पट्टीवर शिंपल्यात स्वतःचे नाव कोरून घेतले असेल, तर त्याच नावाचा खरेदीदार शोधावा लागेल!

डावखुऱ्यांच्या गिटारचा प्रकार थोडा निराळा. खरेदीदार थोडे, पण विक्रेतेही थोडेच. त्यामुळे किंमत दरवेळी पडतेच असे नाही. विक्रीला मात्र महिने लागतात. बँकेच्या भाषेत मूल्य आणि रोखता या दोन गोष्टी वेगळ्या, त्या अशा.

याच्या उलट टोकाला १९५८ ते १९६० या काळातील गिब्सन 'लेस पॉल स्टँडर्ड' उभी आहे. ती कारखान्यातून निघालेली नेहमीची गिटार, किंमत अडीचशे डॉलरच्या आसपास. पुरेसा खप नाही म्हणून कंपनीने ते रूप बंद केले. साठच्या दशकाच्या मध्यावर माइक ब्लूमफील्ड, एरिक क्लॅप्टन यांच्या हाती ती दिसली आणि मागणी पालटली. सुमारे दीड हजार नग, नवे होणे नाही, आणि ओळखणारे जगभर. आज चांगल्या नगाला लाखो डॉलर मोजले जातात. बाजार ओळखीला पैसे देतो, वेगळेपणाला नव्हे, असे माझे मत आहे.

मग प्रिन्सच्या गिटारचे काय, असे कोणी विचारील. मिनियापोलिसच्या कारागीर डेव्ह रूसन यांनी या गायकासाठी खास आकाराच्या गिटार घडविल्या. त्यांपैकी निळी 'ब्लू एंजल' २०२० च्या लिलावात ५,६३,५०० डॉलरना गेली. तीही मागणीबरहुकूमच होती. पण येथे मागणी करणाऱ्याचे नावच सोने ठरले. सामान्य ग्राहकाला हा आधार नसतो.

महागड्या लाकडाची गोष्ट तर आपल्या देशाशीही जोडलेली आहे. ब्राझिलियन रोझवूडला १९९२ पासून आंतरराष्ट्रीय 'सायटीस' करारात कडक संरक्षण आहे. त्यामुळे त्या लाकडाची गिटार परदेशी विकताना परवाने लागतात आणि खरेदीदारांचे क्षेत्र आक्रसते. आपली शिसव गिटारच्या पट्ट्यांसाठी मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. २०१७ च्या जानेवारीत तिच्यासह या वर्गातील इतर सर्व जातीही नियमनाखाली आल्या. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये तयार वाद्यांना यातून सूट मिळाली. ब्राझिलियन जातीला मात्र ती नाही. म्हणजे एकेकाळी जादा पैसे देऊन निवडलेला पर्यायच विक्रीच्या वेळी अडचण होऊन बसू शकतो.

हा विषय हौसेपुरता मर्यादित नाही. व्यावसायिक वादकाच्या घरी अनेकदा विकण्याजोगी दुसरी चीजवस्तू नसते. २०२० साली कार्यक्रम थांबले, तेव्हा अशा कुटुंबांना वाद्यांचा भाव काढणे भाग पडले. ज्याने गिटार खरेदीच्या पावतीवरील रकमेला मालमत्ता म्हणून धरले, त्याचा सहा महिन्यांच्या घरखर्चाचा अंदाज तीन महिन्यांवर आलेला असतो. विमा उतरवतानाही हाच प्रश्न उभा राहतो: भरपाई बाजारभावाने मिळणार, की आधी ठरलेल्या रकमेने? मागणीबरहुकूम वाद्याच्या बाबतीत ठरलेल्या रकमेची पॉलिसीच सोयीची, कारण तसे वाद्य पुन्हा घडवायचे तर घडणावळ पुन्हा पूर्ण मोजावी लागते.

विकण्याची वेळ आलीच, तर निर्मात्याला दिलेल्या मागणीपत्राची प्रत, वाद्याचा अनुक्रमांक, मूळ पेटी आणि काढून ठेवलेले मूळ भाग एकत्र द्यावेत. लाकूड कोणते व पिकअप कोणते, याचा पुरावा कागदावर असला की खरेदीदाराचा संशय निम्मा ओसरतो, आणि घासाघीस उरलेल्या निम्म्यावर होते.