एलो हेल

एलो हेल, शब्दशः 'एलोचा नरक', ही सांघिक ऑनलाइन स्पर्धात्मक खेळांच्या खेळाडूंमध्ये रूढ असलेली एक संज्ञा आहे. आपले खरे कौशल्य वरच्या दर्जाचे असूनही कमकुवत, बेजबाबदार किंवा भांडखोर सहखेळाडूंमुळे आपण खालच्या श्रेणीत अडकून पडलो आहोत, अशी खेळाडूची समजूत या संज्ञेने दर्शवली जाते. लीग ऑफ लेजंड्स आणि डोटा २ यांसारख्या, प्रत्येकी पाच खेळाडूंचे दोन संघ असलेल्या खेळांमध्ये ती विशेष प्रचलित आहे. मानांकनाच्या गणितानुसार ही समजूत दीर्घकाळात टिकत नाही. मात्र सांघिक खेळात थोडा चढता खेळाडूही अतिशय संथपणे वर सरकतो, त्यामुळे तिला अनुभवाचा काही आधार मिळतो.

नावाचा उगम

संज्ञेतील 'एलो' हे नाव हंगेरीत जन्मलेले अमेरिकन भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाद एलो यांच्यावरून आले आहे. त्यांनी बुद्धिबळपटूंचे सापेक्ष सामर्थ्य मोजण्यासाठी संख्याशास्त्रावर आधारित पद्धती तयार केली. अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाने ती १९६० मध्ये, तर जागतिक बुद्धिबळ महासंघाने (फिडे) १९७० मध्ये स्वीकारली.

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लीग ऑफ लेजंड्स या खेळाने सुरुवातीच्या हंगामांत मानांकित सामन्यांसाठी याच धर्तीची पद्धती वापरली. २०१३ च्या हंगामापासून त्या खेळात ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा नावांच्या श्रेणींवर आधारित नवी व्यवस्था आली आणि 'एलो' हा आकडा खेळाडूंच्या नजरेआड झाला. तरीही बोलण्यात 'एलो' हा शब्द मानांकनाचा समानार्थी म्हणून टिकून राहिला.

मानांकनाची कार्यपद्धती

एलो पद्धतीत दोन प्रतिस्पर्ध्यांच्या मानांकनांतील फरकावरून निकालाची अपेक्षा काढली जाते. फरक शून्य असल्यास दोघांची जिंकण्याची शक्यता समान असते, तर ४०० गुणांचा फरक असल्यास वरच्या खेळाडूकडून सुमारे ९१ टक्के यशाची अपेक्षा असते. निकाल अपेक्षेपेक्षा चांगला लागल्यास मानांकन वाढते, वाईट लागल्यास घटते. आपल्या खऱ्या पातळीवर पोहोचलेला खेळाडू त्यामुळे सुमारे निम्मे सामने हरतो. सततच्या पराभवांची जी तक्रार केली जाते, ती पुष्कळदा जुळणी योग्य झाल्याचीच खूण असते.

मूळ पद्धती दोन व्यक्तींमधील सामन्यासाठी रचलेली आहे. सांघिक खेळात निकाल संघाचा लागतो, पण मानांकन व्यक्तीचे बदलते. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्सवरील खेळांसाठी विकसित केलेल्या ट्रूस्किल या पद्धतीत म्हणूनच प्रत्येक खेळाडूचे अंदाजित कौशल्य आणि त्या अंदाजातील अनिश्चितता अशा दोन संख्या ठेवल्या जातात. नव्या खेळाडूबाबत अनिश्चितता मोठी असल्याने त्याचे मानांकन झपाट्याने बदलते. सामन्यांची संख्या वाढत जाते तसे ते स्थिरावते.

गणिती विश्लेषण

सहखेळाडूंचा परिणाम

पाच जणांच्या संघात खेळाडूचे चार अनोळखी सहकारी असतात, तर समोर पाच अनोळखी प्रतिस्पर्धी असतात. उदाहरणादाखल, कोणताही अनोळखी खेळाडू सामना बिघडवण्याची शक्यता १० टक्के मानू. चार सहकाऱ्यांपैकी किमान एक जण तसा निघण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के येते, तर पाच प्रतिस्पर्ध्यांबाबत हीच शक्यता सुमारे ४१ टक्के येते. म्हणजेच जो स्वतः सामना बिघडवत नाही, त्याला अशा खेळाडूंचा त्रास होतो त्याहून अधिक वेळा लाभ होतो. शेकडो सामन्यांत सहकारी आणि प्रतिस्पर्धी बदलत राहतात. त्या सर्वांमध्ये समान राहणारा घटक एकच, तो म्हणजे खेळाडू स्वतः.

प्रगती संथ का वाटते

सहखेळाडूंचे नशीब दीर्घकाळात समसमान होत असले, तरी सांघिक खेळात एका व्यक्तीचे कौशल्य पाच जणांच्या सरासरीत विभागले जाते. संघाचे सामर्थ्य ही पाच मानांकनांची सरासरी आहे आणि इतर नऊ खेळाडू समान दर्जाचे आहेत, असे ढोबळपणे गृहीत धरल्यास पुढील चित्र मिळते.

| खेळाडूचे आधिक्य (गुण) | एकास एक सामन्यात यशाची शक्यता | पाच जणांच्या संघात यशाची शक्यता |
|---|---|---|
| १०० | ६४ टक्के | ५३ टक्के |
| २०० | ७६ टक्के | ५६ टक्के |
| ३५० | ८८ टक्के | ६० टक्के |
| ५०० | ९५ टक्के | ६४ टक्के |

बुद्धिबळात १०० गुणांचे आधिक्य काही डावांतच जाणवू लागते. पाच जणांच्या संघात त्याच आधिक्यामुळे १०० सामन्यांमागे सरासरी ५३ विजय आणि ४७ पराभव, म्हणजे केवळ ६ विजयांची आघाडी मिळते. योगायोगाने होणारा चढउतार याहून मोठा असतो. अशा दहा खेळाडूंपैकी सुमारे तिघांना १०० सामन्यांनंतर आघाडी मुळीच दिसणार नाही. एका सामन्याला अर्धा तास धरला, तर हा सुमारे ५० तासांचा खेळ होतो. एलो हेलच्या अनुभवाचे मूळ बऱ्याच अंशी येथे आहे. यात पद्धती अन्यायकारक ठरत नाही. थोड्या सामन्यांवरून खेळाडूच्या कौशल्याबद्दल निष्कर्ष काढता येत नाही, एवढाच याचा अर्थ होतो. उलट बाजूने, मोठे आधिक्य असलेला खेळाडू त्याच श्रेणीतून तुलनेने लवकर वर जातो.

मानसशास्त्रीय कारणे

यशाचे श्रेय स्वतःकडे घेणे आणि अपयशाचा दोष परिस्थितीला देणे ही सर्वसामान्य मानवी प्रवृत्ती आहे. सांघिक खेळात दोष देण्यासाठी चार जण आयतेच उपलब्ध असतात. सहकाऱ्याची ठळक चूक लक्षात राहते, पण प्रतिस्पर्ध्याच्या चुकीमुळे मिळालेला विजय स्वतःच्या कर्तृत्वाचा वाटतो.

डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रूगर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, कौशल्य कमी असलेले लोक स्वतःला प्रत्यक्षाहून पुष्कळ वरचे समजतात, असे आढळले. त्यांच्या चाचण्यांत सर्वांत खालच्या चतुर्थांशातील व्यक्ती शंभरात सरासरी १२ जणांच्याच पुढे होत्या, परंतु आपण ६२ जणांच्या पुढे आहोत असा त्यांचा अंदाज होता. चूक ओळखण्यासाठी लागणारे ज्ञान आणि चूक टाळण्यासाठी लागणारे ज्ञान बहुधा एकच असते, हे त्यामागील स्पष्टीकरण होय. खालच्या श्रेणीतील खेळाडूला स्वतःच्या चुका दिसत नाहीत, याचे कारणही असेच सांगता येते.

सुधारणेचे मार्ग

अनुभवी खेळाडू व प्रशिक्षक खालच्या श्रेणीतील खेळाडूंच्या बाबतीत पुढील गोष्टींवर भर देतात.

मूलभूत कौशल्ये: लीग ऑफ लेजंड्स आणि डोटा २ मध्ये संगणकचालित सैनिकावर अखेरचा वार करणाऱ्यास सोने मिळते आणि त्यातून साहित्य विकत घेता येते. या सैनिकांच्या तुकड्या सामनाभर ठरावीक अंतराने येत राहतात. अखेरचा वार साधणे, विनाकारण न मरणे आणि नकाशावर नजर ठेवणे या गोष्टी सहकाऱ्यांवर फारशा अवलंबून नसल्याने त्यांची प्रगती मोजता येते.

मर्यादित निवड: या खेळांत शंभराहून अधिक पात्रे आहेत. दोन किंवा तीन पात्रे आणि एकच भूमिका ठेवल्यास हालचाली सवयीच्या होतात आणि लक्ष डावपेचांकडे देता येते.

चित्रणाचे परीक्षण: सामन्याचे चित्रण पुन्हा पाहताना प्रत्येक मृत्यूपूर्वीचा निर्णय तपासला जातो. 'सहकाऱ्याने काय करायला हवे होते' याऐवजी 'उपलब्ध माहितीवरून मला काय वेगळे करता आले असते' हा प्रश्न अधिक उपयुक्त ठरतो. अँडर्स एरिक्सन व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या हेतुपूर्ण सरावाच्या संकल्पनेतही निश्चित उद्दिष्ट आणि तात्काळ प्रतिसाद यांना महत्त्व आहे. सामन्यांमागून सामने खेळत राहणे हा त्या अर्थाने सराव नव्हे.

मनःस्थिती: पराभवाच्या रागात निर्णयक्षमता ढासळण्याला 'टिल्ट' म्हणतात. हा शब्द पिनबॉल यंत्रावरून पोकरमध्ये आणि तेथून ऑनलाइन खेळांत आला. सलग दोन-तीन पराभवांनंतर थांबणे हा त्यावरील प्रचलित उपाय आहे.

संवाद: सहकाऱ्याला दूषणे दिल्याने त्याचा खेळ सुधारत नाही आणि टंकन करण्यात स्वतःचे लक्ष मात्र विचलित होते. संक्षिप्त सूचना व नकाशावरील खुणा यांचा वापर, तसेच अपशब्द वापरणाऱ्याचे संदेश बंद करणे, या गोष्टी पूर्णपणे खेळाडूच्या हातात असतात.

खरे अडथळे

खालच्या श्रेणींतील काही तक्रारी निराधार नाहीत. कुशल खेळाडूने दुसऱ्या खात्यावरून नवख्यांशी खेळण्याला 'स्मर्फिंग' म्हणतात, तर पैसे घेऊन दुसऱ्याचे मानांकन वाढवून देण्याला 'बूस्टिंग' म्हणतात. दोन्हींमुळे जुळणीचा समतोल बिघडतो. दक्षिण कोरियात व्यावसायिक बूस्टिंग २०१९ पासून कायद्याने दंडनीय आहे. याशिवाय जुने संगणक आणि मंद किंवा वारंवार खंडित होणारी इंटरनेट जोडणी यांचाही निकालावर परिणाम होतो. सहखेळाडूंप्रमाणे या अडचणी दोन्ही संघांत समान वाटल्या जात नाहीत. त्या प्रत्येक सामन्यात त्याच खेळाडूसोबत राहतात, म्हणून दीर्घकाळातही त्यांची भरपाई होत नाही.

हे सुद्धा पहा

एलो मानांकन पद्धती
लीग ऑफ लेजंड्स
डोटा २
डनिंग-क्रूगर परिणाम
ई-स्पोर्ट्स