युरेनियम डाय-ऑक्साइड

युरेनियम व ऑक्सिजन यांचे तपकिरी-काळे स्फटिकी संयुग. घनता १०.९७ ग्रॅ./घ. सेंमी.; वितळबिंदू सु. २,८५०° से. निसर्गात ते युरॅनिनाइट (पिचब्लेंड) या खनिजात आढळते. बहुतेक वीजनिर्मिती अणुभट्ट्यांत त्याच्या दाबून व भाजून केलेल्या दंडगोलाकार वड्या इंधन म्हणून वापरतात. वापरलेल्या इंधनाचाही सु. ९५% भाग हेच संयुग असल्याने किरणोत्सर्गी अपशिष्टाच्या दृष्टीने त्याच्या घनावस्थेतील रसायनशास्त्राला विशेष महत्त्व आहे.

संरचना : याची स्फटिकरचना फ्ल्युओराइटासारखी असते. प्रत्येक युरेनियम आयनाभोवती आठ व प्रत्येक ऑक्सिजन आयनाभोवती चार शेजारी असतात. ऑक्सिजन आयनांच्या घनाकृतींपैकी निम्म्या रिकाम्या असल्याने जादा ऑक्सिजन जालकात सामावू शकतो. भंजनाने निर्माण झालेली विरल मृत्तिका मूलद्रव्ये व प्लुटोनियम युरेनियमाच्या जागा घेऊन घन विद्राव बनवितात. मॉलिब्डेनम, टेक्नेशियम, रुथेनियम इत्यादींचे सूक्ष्म धातुकण वेगळे होतात. झेनॉन व क्रिप्टॉन यांचे बुडबुडे बनतात. तर सिझियम व आयोडीन यांचा काही भाग कणसीमांकडे व वडीबाहेरील फटीत सरकतो. पाण्याचा स्पर्श होताच हा भाग प्रथम विरघळतो.

टिकाऊपणा : तो मुख्यतः युरेनियमाच्या संयुजेवर अवलंबून असतो. चतुःसंयुजी युरेनियम पाण्यात जवळजवळ अविद्राव्य असते. ऑक्सिडीभवनाने ते षट्‌संयुजी झाल्यास युरेनिल आयन बनतो व कार्बोनेटयुक्त पाण्यात सहज विरघळतो. अल्फा कणांमुळे पाण्यापासून बनणारे हायड्रोजन पेरॉक्साइडही हे ऑक्सिडीभवन घडविते. याउलट, खोलवरच्या ऑक्सिजनविरहित भूजलात संयुग टिकून राहते. प्लुटोनियम (२३९) याचे अर्धायुष्य सु. २४,१०० वर्षे असल्याने हा टिकाव लाखो वर्षांचा असावा लागतो.

एवढा काळ प्रयोगशाळेत तपासता येत नाही. परंतु निसर्गाने त्याची कसोटी घेतलेली आहे. गॅबनमधील ओक्लो येथे सु. २ अब्ज वर्षांपूर्वी युरेनियमाच्या धातुकात अणुकेंद्रीय भंजन आपोआप चालू होते, असे १९७२ मध्ये आढळून आले. तेथील युरॅनिनाइट, तसेच विरल मृत्तिकांचा बराचसा भाग मूळ जागेजवळच राहिला. वायू व सिझियमासारखे धातू मात्र निघून गेले.

फिनलंड व स्वीडन यांनी वापरलेले इंधन तांब्याच्या डब्यांत घालून, बेंटोनाइट मातीच्या वेष्टनासह खोल खडकात पुरण्याचा मार्ग स्वीकारला आहे. भारतात ते नायट्रिक अम्लात विरघळवून युरेनियम व प्लुटोनियम वेगळे काढतात आणि उरलेले तीव्र किरणोत्सर्गी अपशिष्ट तारापूर व तुर्भे येथील संयंत्रांत बोरोसिलिकेट काचेत बद्ध करतात.