मौनात उघडलेली खतावणी

नाशिकहून मुंबईच्या वाटेवर इगतपुरी लागते. व्यापाराच्या निमित्ताने या रस्त्याने मी शेकडो वेळा गेलो असेन. परंतु तेथे उतरून दहा दिवस राहण्याचा योग गेल्या वैशाखात आला. धम्मगिरीवरील विपश्यना शिबिरासाठी निघालो होतो.

वाटेत एका पाड्याजवळ रिकामे हंडे घेऊन स्त्रिया टँकरची वाट पाहत होत्या. हा जिल्ह्यातील अतिपावसाचा प्रदेश. दारणा, भावली, मुकणे ही धरणे याच परिसरात. ऊर्ध्व वैतरणेचे पाणी तर मुंबईची तहान भागवते. तरीही उन्हाळ्यात येथील पाड्यांवर हंडाभर पाण्यासाठी पायपीट! साठा एकीकडे, तहान दुसरीकडे. व्यापाऱ्याला साठ्याचे गणित लवकर कळते. त्या दिवशी मात्र ते मनाला टोचले.

धम्मगिरीचे संस्थापक सत्यनारायण गोयंका हे ब्रह्मदेशातील मंडाले येथे १९२४ साली मारवाडी व्यापारी कुटुंबात जन्मले. असह्य डोकेदुखीवर उपाय शोधताना १९५५ साली ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे पोहोचले. हे गुरू संन्यासी नव्हते. सरकारी हिशेबखात्यातील उच्च अधिकारी होते. हिशेबनीस गुरू आणि व्यापारी शिष्य! गोयंकाजी १९६९ साली भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीत शिबिरे होऊ लागली.

पहाटे चारची घंटा, दिवसभर बैठक, पूर्ण मौन. सामायिकाच्या ४८ मिनिटांची सवय असलेल्या मला वाटले, हे काही अवघड नाही. पहिल्याच दिवशी गुडघ्यांनी तो अभिमान उतरवला.

तेथे घेतलेल्या पाच शीलांपैकी चार मला घरचीच वाटली: अहिंसा, अचौर्य, ब्रह्मचर्य, सत्य. पाचवे शील मद्यादी नशेपासून दूर राहण्याचे. आपल्या अणुव्रतांत पाचव्या स्थानी आहे परिग्रह-परिमाण. नशेचा स्पर्श मला कधी झाला नाही, असे मी समाधानाने म्हणत होतो. पण संग्रहाचीही एक नशा असते ना?

पाचव्या दिवशी, श्वासाकडे पाहता पाहता, आमच्या दुकानातील हमालाचा चेहरा समोर आला. मुलीच्या आजारपणासाठी त्याने उचल मागितली होती. ‘मागची बाकी आधी फेड,’ असे म्हणून मी वही मिटली होती. त्याच आठवड्यात मी एका पूजेत मोठी बोली लावली होती. बाहेर कोणाशी बोलता येत नव्हते, म्हणून स्वतःशी खोटेही बोलता येईना.

शिबिरास शुल्क नसते. ज्यांनी ते पूर्ण केले त्यांच्याकडूनच स्वेच्छेचे दान घेतात. शेवटच्या दिवशी मी यथाशक्ती दिले, पण मन हलके झाले नाही. दानाच्या आधी देणे असते.

नाशिकला परतताच हमालाला बोलावले आणि त्याची बाकी माफ केल्याचे सांगितले. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “शेठ, उपकार आहेत. पण मजुरी वाढली असती, तर उचल कशाला मागितली असती?”

मी खतावणी काढली. सहा वर्षे दर तोच होता. धान्याचे, भाड्याचे, आमच्या नफ्याचे आकडे मात्र दरवर्षी बदलले होते. हमालांच्या हक्कांसाठी महाराष्ट्रात १९६९ सालीच माथाडी कायदा झाला. आपल्याकडे तर अपरिग्रहाची शिकवण त्याहून कितीतरी जुनी. मला मात्र दोन्हींची आठवण एका गरिबाने करून द्यावी लागली.

त्या दिवसापासून दर वाढवला. मजुरी आता दर शनिवारी चुकती होते. मी फार मोठे काही केले नाही. जे त्याचे होते तेच उशिरा दिले.

पर्युषणात आपण सर्व जीवांना क्षमा मागतो. श्रावक बंधू-भगिनींनो, यंदा ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणण्यापूर्वी एकदा दुकानाची मजुरीची वहीही उघडून पाहावी, एवढीच विनंती.